अकोला आणि निजामाबाद यांच्या मधला मुलूख

अकोल्याहून दक्षिणेस निघालेली गाडी वाशीम ओलांडून हिंगोलीस येते, तेथून वसमतवरून पूर्णा गाठते, आणि पुढे नांदेड, मुदखेड, धर्माबाद करीत बासरपाशी गोदावरी ओलांडून निजामाबादेत शिरते. या लोहमार्गाच्या उत्तरेकडील अकोल्यात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या आश्रयाने मुष्टियुद्धाची परंपरा रुजलेली आहे. दक्षिणेकडील निजामाबादेने तर दोनदा जगज्जेती ठरलेली निखत झरीन ही मुष्टियोद्धी देशाला दिली. या दोहोंच्या मध्ये हिंगोली जिल्हा पसरलेला आहे. कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या काठच्या या मुलखातील एखाद्या मुलीचे नाव निखतच्या पंक्तीस अद्याप बसलेले नाही, आणि ते का बसले नाही याचा विचार करू लागले म्हणजे मुलींच्या अंगच्या बळाविषयीचे जुने समज लवकरच बाजूस पडतात व चौकशी निराळ्याच दफ्तरांपाशी जाऊन पोहोचते.

हिंगोली आणि निजामाबाद यांच्यामधील अंतर आज राज्याच्या हद्दीमुळे वाटते त्याहून पुष्कळच कमी आहे. निजामी अंमलात, आणि त्यानंतरही १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत, दोन्ही गावांचा कारभार हैदराबादेहूनच चालत होता; हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती १९०३ साली उठली, आणि निजामाबाद म्हणजे तर जुने इंदूरच. पुढे हिंगोली परभणीच्या पदरात राहिली आणि १ मे १९९९ रोजी पाच तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाली. दोन्हीकडे बाजार हळदीचा. निजामाबादच्या पेठेचे नाव देशभर ठाऊक आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तेव्हा तेथे जे घडले ते येथे घडणे नाही, असे कोणी म्हणू लागला, तर त्याला इतिहास साक्ष देणार नाही आणि भूगोलही देणार नाही.

निखतचा जन्म १४ जून १९९६ चा; चार बहिणींतील ती तिसरी. वडील जमील अहमद स्वतः खेळाडू. सौदी अरेबियात विक्रेत्याची नोकरी पंधरा वर्षे केल्यानंतर मुलींच्या शिक्षणासाठी ते निजामाबादेस परतले, आणि या मुलीला त्यांनी प्रथम धावण्याच्या शर्यतींसाठी मैदानावर आणले. नगरातील एका क्रीडामेळ्याच्या वेळी तिच्या ध्यानात आले की, बाकी साऱ्या खेळांत मुली आहेत, मुष्टियुद्धात तेवढी एकही नाही. तिने वडिलांस कारण विचारले, तेव्हा या खेळास लागणारी ताकद मुलींत नसते असे लोक मानतात, असे उत्तर तिला मिळाले, आणि त्या उत्तराने तिचा मार्ग ठरून गेला. गावात शम्सामुद्दीन नावाचे मार्गदर्शक मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असत. त्यांच्याकडे ती एकटी मुलगी दाखल झाली आणि जोडीस मुलगी नसल्यामुळे मुलांशीच सराव करू लागली. आरंभीच नाक फुटून व चेहरा काळानिळा करून ती घरी आली, तेव्हा आई परवीन सुलताना यांना रडू आवरेना, कारण असल्या चेहऱ्याच्या मुलीला कोण पत्करणार ही चिंता त्यांना पडली. आणि मुलीने आईची समजूत घातली ती अशी की, एकदा नाव झाले म्हणजे वरांची दारापुढे रांग लागेल. आप्तेष्टांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या आखूड विजारीवर बोट ठेवले, ते जमील अहमदांनी ऐकून घेतले आणि मुलीला मैदानावर नेणे चालू ठेवले.

आपल्याकडे ही कथा जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा ती पित्याच्या धैर्यापाशी येऊन थांबते, आणि ते धैर्य थोर होते याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु कथेतील दुसऱ्या एका गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. जिल्ह्याच्या त्या गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, ठोसा कसा मारावा आणि त्याहूनही अगोदर तो कसा चुकवावा हे जाणणारा एक मनुष्य रोज संध्याकाळी हजर असे. हिमतीची माणसे मराठवाड्यात घरोघर सापडतील. दुष्काळात, देशांतरात आणि सावकाराच्या दारी ती हिंमत पुरेशी तपासली गेलेली आहे. असा मार्गदर्शक मात्र गावोगाव नसतो, आणि जेथे तो नसतो तेथे शंभर जमील अहमद असले तरी त्यांनी मुलीला न्यावयाचे कोठे?

पुढचा प्रवास वेगाने झाला. २००९ साली विशाखापट्टणम येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तिची निवड झाली, पुढच्याच वर्षी इरोडच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक आले, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये, वयाची पंधरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तुर्कस्तानातील अंतल्या येथे ती कनिष्ठ गटातील जगज्जेती झाली. आणि त्यानंतर ११ वर्षे गेली. या ११ वर्षांविषयी आपण फार कमी बोलतो. वास्तविक खेळाडूचा संसार याच वर्षांत चालावयाचा किंवा मोडावयाचा असतो. २०१७ साली तिचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, वर्षभर खेळ थांबला. परत आली तेव्हा तिच्या वजनगटात साक्षात मेरी कोम उभी होती.

२०१९ च्या अखेरीस ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमला चाचणीवाचूनच पाठवावे असा महासंघाचा मनोदय दिसू लागला, तेव्हा या तेवीस वर्षांच्या मुलीने तत्कालीन क्रीडामंत्र्यांस पत्र लिहून मागितले ते आपल्यासाठी स्थान नव्हे, तर फक्त चाचणी. मेरी कोमच्या संतापाचे कारण कळण्यासारखे आहे. सहा वेळा जगज्जेती झालेल्या आणि दोन मुलांची आई असताना लंडनचे कांस्यपदक आणणाऱ्या स्त्रीला, तू अजूनही योग्य आहेस हे सिद्ध कर, असे सांगणे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. तरीही न्याय निखतच्या बाजूस होता, कारण पूर्वपुण्याईवर निवड करण्याचा शिरस्ता एकदा पडला म्हणजे तो पुण्यवंतांपुरता राहत नाही. २८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत चाचणी झाली. निखत १ विरुद्ध ९ अशी हरली, आणि मेरी कोमने तिच्याशी हस्तांदोलन केले नाही. ज्या चाचणीसाठी इतका आग्रह धरला तीतच असा पराभव पत्करून जी मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा हातमोजे चढवते, तिच्याविषयी मला वाटणारा आदर तिच्या पदकांवर अवलंबून नाही. १९ मे २०२२ रोजी इस्तंबूल येथे थायलंडच्या जितपोंग जुतामासला नमवून ती जगज्जेती झाली; पुढच्या वर्षी दिल्लीत व्हिएतनामच्या न्गुएन थी टामला हरवून दुसऱ्यांदा झाली; आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यूकडून दुसऱ्याच लढतीत पराभूत होऊन रिकाम्या हाताने परतली. मुष्टियुद्धात नऊ मिनिटांत वर्षांचा हिशेब होतो आणि तो बहुधा निर्दय असतो.

आता प्रश्न असा की, याला पेशा म्हणावयाचे तर त्यात पोट भरण्याची सोय कोणती? पाश्चात्य देशांत या प्रश्नाला एक उत्तर आहे, आणि ते मिळविण्यासाठी तेथील स्त्रियांना जवळजवळ तीन शतके खर्ची घालावी लागली. १७२२ साली लंडनमध्ये एलिझाबेथ विल्किन्सन नावाच्या स्त्रीने हॅना हायफील्ड हिला वर्तमानपत्रातून जाहीर आव्हान दिले, त्यात अट अशी होती की, दोघींनी प्रत्येक मुठीत अर्ध्या क्राउनचे नाणे धरावे आणि जिच्या हातून ते प्रथम पडेल ती हरली असे मानावे. बोचकारणे व केस ओढणे टाळण्याचा हा उपाय इतका चतुर आहे की आजच्या नियम करणाऱ्यांनीही त्याचे कौतुक करावे. पुढे बार्बरा बट्रिक ही पाच फुटांहूनही ठेंगणी इंग्रज मुलगी जत्रांच्या तंबूंतून झुंजत झुंजत अमेरिकेस गेली आणि १९५० च्या दशकात तेथे नावारूपाला आली. १९९८ साली जेन काउच हिने परवाना नाकारणाऱ्या ब्रिटिश मुष्टियुद्ध मंडळाला न्यायाधिकरणापुढे खेचले. स्त्रिया मासिक धर्माच्या काळात अस्थिर असतात, असा युक्तिवाद त्या मंडळाने विसाव्या शतकाच्या अखेरीस गंभीर चेहऱ्याने केला आणि तो फेटाळला गेला. आणि ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्टो रिकोची अमांडा सेरानो यांची झुंज त्या सभागृहातील मुख्य झुंज ठरली, ज्या स्थानी तोपर्यंत स्त्रियांची झुंज कधी आलेली नव्हती; दोघींचा मेहनताना दहा लाख डॉलरांच्या पुढे होता.

भारतात हे उत्तर लागू पडत नाही. मणिपूरच्या सरिता देवीने २९ जानेवारी २०१७ रोजी इंफाळ येथे हंगेरीच्या झोफिया बेडोला हरवून व्यावसायिक मुष्टियुद्धात पदार्पण केले. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत अन्याय झाला म्हणून कांस्यपदक गळ्यात घालून घेण्यास नकार देणारी आणि त्यापायी वर्षभराची बंदी सोसणारी ही तीच मानी स्त्री. परंतु त्या पहिल्या विजयानंतर ती पुन्हा हौशी स्पर्धांकडेच वळली, कारण येथे व्यावसायिक लढतींना तिकीट काढून येणारा प्रेक्षक नाही, वर्षभराचे वेळापत्रक नाही आणि घर चालेल असा मोबदला नाही. मग भारतीय मुष्टियोद्धीचा चरितार्थ चालतो कशावर? मेरी कोम मणिपूर पोलिसांत, सरिता देवी पोलिसांत, आसामची लव्हलिना बोर्गोहाईं पोलीस उपअधीक्षक, आणि २०२१ साली बँक ऑफ इंडियात नोकरीस लागलेली निखतही २०२४ पासून तेलंगणाच्या पोलीस दलात उपअधीक्षक. म्हणजे या देशात स्त्रीसाठी मुष्टियुद्ध हा पेशा नसून सरकारी हुद्द्याकडे जाणारा एक अत्यंत अवघड, दहा-पंधरा वर्षांचा आणि कोणत्याही क्षणी खांदा निखळून बंद पडू शकणारा रस्ता आहे.

मी हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या घरांतून सरकारी नोकरीचे जे महत्त्व आहे ते ज्याला हास्यास्पद वाटते, त्याने कोरडवाहू जमिनीवर चार वर्षे काढून पाहावीत. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली आता मराठवाड्यात कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर दिसतात, आणि त्यांना पाहून आज कोणी नाक मुरडत नाही. कारण त्या धावण्याच्या शेवटी काय आहे हे गावाला समजते. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट नियुक्ती देण्याचीही तरतूद आहे. बक्षिसांच्या रकमाही आता भक्कम असतात. निखतला तेलंगणा सरकारने २०२२ साली दोन कोटी रुपये दिले. पण ही सारी मेहेरबानी शेवटच्या स्थानकावर उभी आहे. जी पोहोचली तिचा सत्कार होतो. जी बारा ते सतरा या वयात वाटेतच उतरली तिची कोणत्याही दफ्तरात नोंद होत नाही.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. नागपूर पोलीस दलातील कर्मचाऱ्याची कन्या अल्फिया पठाण हिने २०२१ साली पोलंडमधील किएल्से येथे युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि पुढच्याच वर्षी अम्मान येथे आशियाई विजेतेपदही. पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ साली स्पेनमध्ये ५२ किलो गटात युवा जगज्जेतेपद पटकाविले. दोघीही मोठ्या शहरांच्या. हा योगायोग नव्हे, सरावाला जोडीदारीण आणि शिकवायला मार्गदर्शक जेथे मिळतो तेथेच हे घडते. त्यातही अल्फियाची गोष्ट चटका लावणारी. तिचा गट ८१ किलोंच्या वरचा, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत वरचा गट ७५ किलोंचा. आशियात पहिली आलेल्या मुलीला तिच्या स्वाभाविक वजनात ऑलिंपिकचे दारच नाही. पुरुषांच्या बाबतीत मात्र सर्वांत वरच्या गटात कितीही वजनाचा मनुष्य तेथे उभा राहू शकतो. स्त्री बलवान असावी, पण फार मोठी असू नये, असा हा न लिहिलेला नियम कोणत्या शास्त्रात बसतो हे मला उमगलेले नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. या जिल्ह्याला अंगमेहनतीच्या खेळांचे वावडे नाही. गावोगावच्या जत्रांतून हलगीच्या तालावर कुस्तीचे फड रंगतात, नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत इनामे लागतात, आणि हिंगोलीचा दसरा तर दीड शतकाहून जुना. रामलीला मैदानावरच्या त्या उत्सवाला जिल्ह्याबाहेरूनही माणसे लोटतात. मुष्टी हा प्रकारही परका नाही. कंसाच्या मल्लशाळेत चाणूर कृष्णाच्या वाट्याला आला आणि मुष्टिक बलरामाच्या, हे कीर्तन ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. अडचण स्त्री त्या रिंगणात उतरते तेव्हा येते, आणि ती आजची नाही. १९५४ साली बडोद्यास बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत करणाऱ्या हमीदा बानूची पुण्यातील रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्तीगीरांच्या संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द झाली, आणि तिची तक्रार मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत गेली. कुस्ती थांबविली ती ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर तिच्यासमोर नकली पहिलवान उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा खरा असेल. पण नकली कुस्त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी नेमकी बाईचीच कुस्ती सापडावी, हेही त्या काळाचे एक वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे. त्यानंतर जवळजवळ सात दशकांनी, २०२३ साली, सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. ज्या मातीवर बाईचे पाऊल नको होते तिनेच बाईला गदा दिली. तेव्हा लोकांची मने बदलत नाहीत हे रडगाणे मला मान्य नाही.

खरी आडकाठी लग्नाच्या वयाची आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले, शेजारच्या परभणीत ते ४८ टक्के निघाले, आणि हिंगोलीतही ते तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहे. त्यामागची कारणे सर्वश्रुत आहेत: दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी हा घोर लागतो, आणि दोघांच्या कोयत्याला उचल मिळते म्हणून कोवळ्या जोडप्यांची लग्ने उरकली जातात. शालेय क्रीडास्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत भरतात. विवाहाची बोलणीही नेमकी याच वर्षांत चालतात. ज्या वयात निखत विशाखापट्टणमच्या वसतिगृहात ठोशांचे हिशेब शिकत होती, त्याच वयाच्या मुलीला येथे पाहुण्यांसमोर चहाचा कप घेऊन यावे लागत असेल, तर मुष्टियोद्धीची निर्मिती ही क्रीडा खात्याची एकट्याची बाब उरत नाही. उलट असेही म्हणता येईल की, मुलीच्या हाती महिन्याकाठी काही विद्यावेतन येते आहे, वसतिगृहात तिची राहण्याची सोय आहे आणि पुढे पोलिसांत जागेची आशा आहे, एवढे दाखविता आले, तर तिचे लग्न चार वर्षे पुढे ढकलण्यास बहुतेक बाप तयार होतील. उपदेशाची भित्तिपत्रके लावून जे साधले नाही ते यातून साधण्याचा संभव अधिक.

एक आक्षेप मात्र टाळून जाता येण्यासारखा नाही. माणसाच्या मस्तकावर प्रहार करणे हाच ज्या खेळाचा हेतू, त्यात आपल्या मुली का लोटाव्यात, असे विचारणारा मनुष्य प्रतिगामी असतोच असे नाही. इंग्लंडातील वैद्यकांच्या संघटनेने या खेळावर बंदीच मागितली आहे, आणि मेंदूला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचे परिणाम वीस वर्षांनंतरही प्रकट होतात हे आता वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. हौशी स्पर्धांत स्त्रियांना शिरस्त्राण सक्तीचे आहे, लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते, आणि पंच वेळेवर हात मध्ये घालतो. व्यावसायिक लढतींत शिरस्त्राण नाही आणि फेऱ्या दहापर्यंत जातात. म्हणून हौशी खेळाच्या मर्यादेतच, आणि शिकविणारा जाणता असेल तरच, मी या खेळाची शिफारस करीन. अर्धवट शिकलेल्या माणसाने हंगामी शिबिरात दोन मुलींना हातमोजे देऊन समोरासमोर उभे करणे हा गुन्हा मानला पाहिजे. परंतु धोक्याची ही काळजी मुलांच्या बाबतीत कधी न करणारे लोक मुलींच्या बाबतीत ती अगत्याने करतात, तेव्हा त्या काळजीच्या शुद्धतेविषयी शंका येते. शिवाय डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या गरोदर ऊसतोड मजुरणीच्या शरीराची चिंता ज्या समाजाने केली नाही, त्याने मुष्टियोद्धीच्या नाकाची फार चिंता करावी हे विसंगत दिसते.

मग करावे काय? आमची क्रीडा खाती इमारतींवर प्रेम करतात. क्रीडासंकुल मंजूर होते, कोनशिला बसते, प्रेक्षकांच्या पायऱ्या होतात, आणि पुढे तेथे शिकविणारा कोण, हा प्रश्न फाईलच्या शेवटच्या पानावर राहून जातो. मुष्टियुद्धाला फार मोठी इमारत लागत नाही. छप्पर असलेली एक मोकळी जागा, चार-पाच पंचिंग बॅग, वीस फुटांचे रिंगण, मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह, आणि संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी गावाकडे परतणारी एसटी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. एसटीचा मुद्दा क्षुल्लक समजू नये; औंढा किंवा सेनगावच्या खेड्यातील मुलीचा सराव किती वेळ चालावयाचा हे मार्गदर्शक ठरवीत नाही, शेवटची गाडी ठरविते. खुराकाचेही तसेच. दूध, अंडी, कडधान्य यांचा रोजचा खर्च शेतमजुराच्या घरात निघत नाही. तालमीतल्या मल्लाला गाव खुराक पुरवीत असे, तो शिरस्ता मुलींच्या बाबतीत ग्रामपंचायतींनी का चालवू नये?

आणि पैसा द्यावयाचा तर तो आरंभी दिला पाहिजे. वसमतचा शेतकरी हळदीचे बेणे लावतो तेव्हा त्याला पीककर्ज मिळते. हळद शिजवून, वाळवून, पेठेत विकून झाल्यावर कर्ज देऊ करणाऱ्या बँकेला तो वेड्यात काढील. खेळाडूंच्या बाबतीत मात्र शासन नेमके तेच करते आणि त्याला प्रोत्साहन म्हणते. पदकानंतरच्या कोटींपैकी एका कोटीत तालुक्यातील किती मुलींना पाच-सहा वर्षे विद्यावेतन देता येईल याचा जमाखर्च एखाद्या कारकुनालाही मांडता येईल. निवडलेल्या मुलींना वर्षातून काही महिने अकोल्याच्या प्रबोधिनीत पाठविणे, तेथील मुलींना इकडे सरावास आणणे, हे तर केवळ पत्रव्यवहाराचे काम आहे. सरावाला जोडीदारीण मिळणे हे या खेळात मार्गदर्शकाच्या खालोखाल महत्त्वाचे, आणि जिल्ह्यात एका वजनगटात एकटीच मुलगी असेल तर ती न खेळताच जिंकत जाते आणि पुढच्या पायरीवर पहिल्याच फेरीत चीत होते. असल्या विजयाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कामाचे नसते.

या साऱ्याच्या मुळाशी मार्गदर्शकाची नेमणूक आहे. हिंगोलीसाठी ती व्यक्ती शक्यतो स्त्री असावी, म्हणजे पालकांची निम्मी भीती आपोआप ओसरेल. राष्ट्रीय स्पर्धा खेळून निवृत्त झालेल्या आणि नोकरीच्या शोधात असलेल्या मुली महाराष्ट्रात थोड्या नाहीत, त्यांच्यासाठीही हा एक सन्मानाचा पेशा होईल. तिला राहण्यास जागा द्यावी, तालुक्यांत फिरण्याचा भत्ता द्यावा, आणि पदके किती आली याचा जाब पहिली पाच वर्षे कोणी विचारू नये. विचारावयाचेच असेल तर एवढेच विचारावे की, गेल्या वर्षी आलेल्या मुलींपैकी यंदा किती जणी अजून येत आहेत. आणि तिच्या नेमणुकीचा हुकूम निघेल त्यात अकरा महिन्यांच्या कराराची ती प्रसिद्ध अट नसावी. अंतल्यापासून इस्तंबूलपर्यंत पोहोचण्यास निखत झरीनला अकरा वर्षे लागली. अकराव्या महिन्यात मुदतवाढीची दरखास्त घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला सेनगावच्या मुलीचा बाप आपल्या लेकीची सहा वर्षे कशाच्या भरवशावर देईल?